न झिजणारी नळी

मी कार्बनची एक जुनी नळी आहे, मित्रांनो; शास्त्रज्ञ मला नॅनोट्यूब म्हणतात. पण तुम्ही मला कधीच पाहू शकणार नाही. तुमच्या केसाचे उभे हजार भाग केलेत, तरी त्यातला एक माझ्याहून जाडच भरेल.

माझा जन्म भट्टीत झाला. तापलेल्या लोखंडाच्या कणांवरून कार्बनयुक्त वायू सोडला आणि अणू षटकोनात जुळत गेले. त्या जाळीची एकच गुंडाळी झाली, तर ती एकभिंती नळी. मी बहुभिंती, एकात एक अशा वीस नळ्यांची. आम्हा लाखोंना बाटलीत भरून चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पाठवले.

तिथे नागसेन सरांनी आमचे फार कौतुक केले. बाजारातून आणलेली, सहा कोनी भोकांची बांबूची जाळी ते वर्गात गुंडाळून दाखवत. एका दिशेने गुंडाळली की झिगझॅग जातीची नळी, काटकोनात फिरवून गुंडाळली की आर्मचेअर, तिरकी गुंडाळली की कायरल. आर्मचेअर नळी धातूसारखी वीज वाहून नेते; बाकीच्यांतल्या पुष्कळशा अर्धवाहक असतात. आम्ही पोलादाहून बळकट, हेही सर सांगत. बाटलीसोबत आलेले, काय काळजी घ्यावी ते सांगणारे सूचनापत्र मात्र खोक्यातच राहिले.

एकदा झाकण सैल राहिले आणि पंख्याने आम्हाला टेबलभर उडवले. प्रयोगशाळा झाडणाऱ्या कलाबाईंनी लेबल वाचले. त्यांचे बालपण कोळसा खाणीशेजारी गेले होते. अंगणातली काळी धूळ रोज झाडायची त्यांना सवय.

"सर, कार्बन म्हंजे कोळसाच ना?"

"एकाच घरचे समजा, बाई," सर हसून म्हणाले.

"मंग काय डर? कोळसा तं आमी लहानपनापासून खाऊन राह्यलो."

त्यांनी पदरही नाकाला लावला नाही. कोरड्या झाडूने टेबल झाडले, मग फरशी. बराच वेळ आम्ही उन्हाच्या तिरिपेत तरंगत होतो. तेवढ्यात सरांनी खोके उघडून ते पत्र वाचले, 'ही भुकटी उडवू नका, श्वासात जाऊ देऊ नका', आणि ते धावत आले.

"कलाबाई, झाडू नोका मारू. ओल्या फडक्यानं पुसा लागते."

"झालं नं सर. काऊन, काय होते?"

दुसऱ्या दिवशी सरांनी बाईंना डॉक्टरांकडे नेले. एक्स-रे स्वच्छ आला. मी एक्स-रेमध्ये दिसत नाही.

मित्रांनो, मी आता कलाबाईंच्या फुफ्फुसात आहे. कचरा गिळणाऱ्या पेशी माझ्यावर येतात, पण मी त्यांच्या मानाने फार लांब आणि ताठ आहे. त्या अर्धवट गिळतात आणि मरतात. मग दुसऱ्या येतात.

नव्या वस्तूचे झाकण उघडाल, तेव्हा तिची थोरवी नंतर सांगा. आधी ती खोली जी बाई झाडते, तिला बोलवा आणि सूचनापत्र वाचून दाखवा.

कलाबाई हल्ली जिना चढताना धाप लागून मध्ये एकदा थांबतात. ते वयामुळे की माझ्यामुळे, मला ठाऊक नाही. लाकूड कुजते, लोखंड गंजते. माझे तसे काही होत नाही.