दोरा नसलेली टाचणी

भिंतीवरच्या नकाशात पूरवाल्या बाईंनी शेवटची टाचणी टोचली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. यंदा पाऊस नेहमीपेक्षा फार जास्त पडणार, असं हवामानवाल्यांनी सांगितल्यापासून पालिकेत त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारली नव्हती. एकेक टाचणी म्हणजे स्वतःहून घराबाहेर पडू न शकणारं एकेक माणूस, आणि तिला बांधलेला दोरा म्हणजे त्याला उचलायला जाणारी तुकडी.

शेजारच्या टेबलावरचा अभियंता चहा घेऊन नकाशासमोर उभा राहिला.

“बाई, या टाचणीला दोराच नाही.”

“ती माझी आई. तिला मी आणणार. घरच्या माणसासाठी तुकडी लावली तर लोक नावं ठेवतील.”

“आणि पूर आल्यावर तुम्ही असणार कुठे?”

बाईंनी डोळे चोळले. त्या इथेच असणार होत्या, याच खुर्चीत, दोन्ही कानांना फोन लावून. इतके दिवस साऱ्या शहराची काळजी वाहिली आणि नेमकी आईच हातून सुटली. त्यांना स्वतःची लाज वाटली. उठून दुसरा दोरा शोधण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चपला काढता काढताच विचारलं, “आई, घरात पाणी शिरलं तर तू काय करशील?”

“सुताराच्या माडीवर जाईन,” खाटेवर गुडघे चोळत बसलेली आई म्हणाली. “तो नेणार आहे. ठरलंय आमचं.”

बाई चपापल्या. गेल्या वर्षी शेजारच्या सुताराने नाल्यावर काढलेली लाकडी पडवी त्यांनीच समोर उभं राहून पाडायला लावली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, निदान बाईंचा तसा समज होता.

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू घरी असतेस कुठे?”

आईच्या आवाजात राग असता तरी चाललं असतं. तो नव्हता, म्हणून ते फार लागलं.

त्या तशाच शेजारी गेल्या. सुतार रंधा मारत होता. त्याने मान वर न करता हातानेच जिना दाखवला. जिन्याला नवा कठडा होता, बुटका, बरोबर आईच्या हाताला येईल असा. वर खिडकीपासून लांब एक खाट मांडलेली होती, आणि उशाशी आईची जुनी शाल.

“आजी चढून बघून गेल्या,” तो खालून म्हणाला. “मधे एकदा बसावं लागतं त्यांना.”

उतरताना बाईंचा हात कठड्याच्या खालच्या बाजूला गेला. तिथे रंधा फिरला नव्हता. त्यांनी वाकून पाहिलं. लाकडावर लाल रंगाची फुली होती. पाडायच्या बांधकामावर त्या स्वतःच्या हाताने मारत, तीच.

“पडवीचं लाकूड?”

“हो. नाला तुंबत होता, ते खरंच होतं. पण माझा राग गेलेला नाही.”

बाई उंबऱ्यात थांबल्या.

“एक करा,” सुतार भुसा झटकत म्हणाला. “त्या दिवशी मला सारखा फोन करू नका. माझे हात मोकळे नसतील.”