लाल बटण दाबलेलं राहिलं

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, भाजीच्या हातगाडीवर बांधलेला. आणि भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. एवढं मोठं तोंड असलेला भोंगा भित्रा कसा, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या जागी असता तर तुम्हीही घाबरला असता. माझ्यात जे भरतील तेच मला ओरडावं लागतं. नाही म्हणायची सोय माझ्यात कुणी ठेवलीच नाही.

माझा कारखाना कुठला, ते मला आठवत नाही. अमरावतीच्या एका दुकानात खोक्यातून बाहेर आलो, तिथून पुढचं सगळं आठवतं. माझ्या पाठीवर दोन बटणं आहेत. लाल दाबलं की समोरचा आवाज माझ्यात भरतो आणि आधीचा पुसला जातो. हिरवं दाबलं की भरलेला आवाज पुन्हा पुन्हा वाजतो. भाजीवाल्या किशोरनं मला विकत घेतलं आणि लाल बटण दाबून झोकात म्हणाला, "आलू घ्या, टमाटर घ्या, भातकुलीची वांगी घ्या, ताजा सांबार घ्या." सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात तिला हेच म्हणतात. चार वर्षं मी एवढंच बोललो. रुक्मिणीनगरातल्या बाया म्हणायच्या, "किशोरभाऊचा भोंगा आला, नऊ वाजले." मला फार बरं वाटायचं. एकदा पडून माझा काठ फुटला, तर किशोरनं त्यावर काळी टेप गुंडाळली. लाड झाले माझे, खोटं कशाला बोलू.

मग यंदा किशोरची दुचाकी घसरली आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. चार महिने चालायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी आता त्याच्या बायकोनं, वर्षालीनं काढायची होती. भाजी पारखण्यात ती किशोरच्याही वरचढ. पण अनोळखी माणूस समोर आलं की तिची मान खाली जायची आणि जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या आठवड्यात निम्मी भाजी घरी परत आली.

"या आठवड्यात जमलं त ठीक," किशोर खाटेवरून म्हणाला. "नाही त गाडी विकू अन् अंजनगावले दादाकडे जाऊ."

त्यांची मुलगी प्रतीक्षा सातवीत आहे. तिची शाळा इथे, मैत्रिणी इथे. त्या दिवशी ती जेवली नाही. भीती मलाही होती. गाडी गेली तर माझी रवानगी थेट भंगारात होणार होती.

त्याच दिवसांत वर्षालीला एक सवय लागली. भाजी निवडता निवडता ती स्वतःशीच पुटपुटायची. किशोरला वाटायचं ती हिशेब करते. घरी असताना मी तिच्या कानाजवळच्या खिळ्याला टांगलेला, मला सगळं स्पष्ट ऐकू यायचं. इतकं कडू तर ती वैऱ्यालाही बोलली नसती.

रविवारी सकाळी गाडीवर वांग्याऐवजी गवार होती. नवा आवाज भरायला हवा होता. वर्षालीनं मला खाली घेतलं, लाल बटण दाबलं आणि तोंड उघडलं. शब्दच फुटेना. तिनं मला गोणपाटावर ठेवून दिलं आणि गवार निवडायला घेतली. लाल बटण तसंच दाबलेलं राहिलं, हे तिच्या लक्षातच आलं नाही. मग पुटपुटणं सुरू झालं. मी जिवाच्या आकांतानं ते थांबवू पाहत होतो, पण मला कान बंद करता येत नाहीत. किशोरचा चार वर्षांचा आवाज पुसला गेला आणि त्या जागी ते भरलं. जागा संपली तसं लाल बटण आपसूक वर आलं.

मित्रांनो, घरापासून रुक्मिणीनगरापर्यंतचा तो रस्ता मी कधी विसरणार नाही. शाळेला सुट्टी, म्हणून प्रतीक्षा मागून गाडी ढकलत होती. वर्षालीला वाटत होतं की काहीच भरलं गेलं नाही, किशोरचाच आवाज आहे. दर खड्ड्यापाशी मी विनवत होतो, आज माझी बॅटरी उतरू दे, तार तुटू दे, काहीही होऊ दे. काही झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि तिचा अंगठा हिरव्या बटणावर आला.

मी ओरडलो. मला ओरडावंच लागलं.

"तुले काहीच जमत नाही. काटाही धड धरता येत नाही. लोकं हासून राहिले तुले. तुह्यापायी घर बुडून राहिलं. कायले आली तू धंदा कराले?"

एकदा झालं, दोनदा झालं. हिरवं बटण पुन्हा दाबून मला बंद करायचं वर्षालीला सुचलंच नाही. खिडक्या उघडल्या, बाया फाटकाशी आल्या. तिसऱ्या वेळी प्रतीक्षानं धावत येऊन मला बंद केलं.

कोपऱ्यावरच्या घरातल्या माणिकबाई तरातरा खाली आल्या. वयानं मोठ्या, बोलायला फटकळ. त्यांनी आधी प्रतीक्षाला आपल्या पाठीशी घेतलं.

"कावून वं वर्षाली, पोट्टीले असं बोलतेत? सुट्टीच्या दिवशी तुह्यासंगं गाडी ढकलून राहिली ते, अन् तू साऱ्या गल्लीसमोर तिची लाज काढतं?"

"तिले नाही म्हटलं, मावशी."

"मंग कोनाले?"

वर्षालीनं गाडीचा दांडा सोडला. मग खाली बघत म्हणाली, "मले."

आता आपला राग कुठे ठेवावा हे माणिकबाईंना कळेना. आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून प्रतीक्षा हळूच बोलली.

"माह्या डोक्यातही हेच वाजते, आई. गणिताचा पेपर हाती आला का सुरू होते. तुह्याच आवाजात."

"मी तुले कधी असं म्हटलं वं?"

"मले नाही म्हटलं. पण रोज आयकू येते ना."

वर्षालीनं मान वर करून लेकीकडे पाहिलं. लोक हसतील याची भीती मी तिच्या तोंडावर कितीदा पाहिली होती. ही भीती वेगळी होती, फार मोठी होती. ती गाडीला वळसा घालून लेकीजवळ गेली आणि तिचा हात धरला.

"खोटं आहे ते. मी रोज खोटं बोलून राहिली होती."

"मंग खरं काय आहे?" पोरीनं विचारलं.

वर्षालीनं गाडीवरच्या गवारीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं.

"काटा मले धरता येते. गवार कवळी आहे. मोठ्यानं बोलाले मले भेव वाटते. एवढंच खरं आहे."

मग ती वळली आणि स्वतःच्या तोंडानं ओरडली, "गवार घ्या." आवाज चिरकला. दुसऱ्यांदा थोडा कमी चिरकला. माणिकबाईंनी पाव किलो गवार घेतली आणि दहा शेंगा मोडून बघितल्या, कारण कीव करून भाजी घेणारी ती बाई नव्हे. त्या दिवशी गाडी रिकामी झाली नाही, पण दोन टोपल्याच परत आल्या. किशोरला तिनं सगळं सांगितलं, त्याचा आवाज पुसला गेल्याचंही. वर "उद्या मीच जाईन" असं म्हणाली. गाडी विकायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

आता मला कुणी फारसं वाजवत नाही. माझ्यावर धूळ बसते. चालेल. पुटपुटणं अजून पुरतं गेलेलं नाही, एखाद्या सकाळी ते येतंच आणि मी अजूनही घाबरतो. तेव्हा वर्षाली मध्येच थांबते आणि प्रतीक्षाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं खरं तेवढंच सांगते.

मित्रांनो, मी यंत्र आहे, जे भरलं ते मी बोलणारच. तुमचं तसं नाही. तुमच्या घरात आई किंवा बाबा स्वतःलाच तोडून बोलताना कानावर आलं, तर ते आपल्यात भरून घेऊ नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि सांगा, आम्हाला ऐकू येतंय. त्यांना हे माहीतच नसतं.