हळू चालणारा प्रेस

मार्च सरत आला होता, रस्त्याकडेचा बर्फ काळवंडला होता, तेव्हा आर्डिस हाउगेन एकटीच दुकानात आली. माझं दुकान म्हणजे अर्धं हार्डवेअर, अर्धं शिकारीचं सामान. काडतुसं घरीच भरणारी माणसं आमच्या बिटररूट खोऱ्यात पुष्कळ. तिचा नवरा वर्लिन त्यातला सगळ्यात जुना.

"रॉइस, काडतुसं भरायचा प्रेस हवाय," ती म्हणाली. "सगळ्यात हळू चालणारा."

मी हसलो. "अगं, लोक येतात ते भराभर चालणारा मागायला. हळू चालणारा म्हणजे माझा मेहुणा. घेऊन जा, फुकट देतो."

ती हसली नाही. हातमोजे काढून तिने काउंटरवर ठेवले.

"वर्लिनचं रिव्हॉल्व्हर फुटलं ते ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. नेमबाजीच्या मैदानावर फुटलं, गाल फाटला, डोळा थोडक्यात वाचला. पोलाद जुनं झालं होतं, असं वर्लिनच सगळ्यांना सांगत होता.

"पोलादाला काही झालं नव्हतं," आर्डिस म्हणाली. "काडतुसाच्या एका पुंगळीत बंदुकीची दारू दोनदा पडली. भरता भरता विसरतो तो. घोड्याला दोनदा चारा घालतो, नाहीतर घालतच नाही. मिझुलाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार."

"त्याला माहीत आहे?"

"त्याच्यासमोरच सांगितलं. घरी येईपर्यंत विसरला."

मी म्हणालो, "मग हे भरणंच बंद कर ना, आर्डिस."

"गाडीची किल्ली मी काढून घेतली. घोडा विकला. आता हेही काढून घेऊ? मग सकाळी उठून करायचं काय त्याने? माझ्या तोंडाकडे बघत बसायचं?"

पुढच्या आठवड्यात ती त्याला घेऊन आली. गालावर पट्टी, डोक्यावर नेहमीची लोकरी टोपी. वर्लिन सरळ भराभर चालणाऱ्या प्रेसपाशी गेला. त्याची दांडी एकदा ओढली की गोल ताटली पुढे सरकते; एका पुंगळीत दारू पडते, तेवढ्यातच दुसरीवर गोळी बसते आणि तयार काडतूस बाहेर. त्याने दांडी ओढून पाहिली. ताटली टक् करून फिरली. त्याचा चेहरा उजळला.

"हा दे. खांदा दुखतो रे आता. किती वेळा दांडी ओढू?"

"तो बिघडतो फार," मी म्हणालो.

"तूच मागे सांगत होतास, याच्यासारखा दुसरा नाही म्हणून. म्हातारा झालास काय, विसरायला लागलास?"

मी आर्डिसकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "वर्लिन, यात पुंगळ्यांच्या आत नीट बघता येत नाही."

"बघायचंय कशाला?"

वर्लिन दांडीवर हात ठेवून उभा होता. मग त्याची बोटं गालावरच्या पट्टीवर गेली, तिथेच थांबली. त्या क्षणी त्याला सगळं आठवत होतं, अशी माझी खात्री आहे.

"तो साधा दे," तो म्हणाला. "एका वेळी एकच काम करणारा." आणि मला डोळा मारून, "पैसे हिच्याकडून घे. मी दिले तर दोनदा देईन."

तिघेही हसलो. हसण्यावाचून दुसरं करणार काय?

प्रेस त्यांच्या तळघरातल्या कामाच्या बाकावर बसवून द्यायला मीच गेलो. उन्हाळाभर ते छान चाललं. वर्लिन पुंगळ्या दाबून सारख्या करायचा, बुडात ठिणगी पाडणाऱ्या टोप्या बसवायचा, मग लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या करून मापाने दारू घालायचा. मग आर्डिस टॉर्च घेऊन वाकायची आणि एकेका पुंगळीत डोकावायची. ती "ठीक" म्हणाली की मगच गोळ्या बसवायच्या.

"शाळेतल्या बाईसारखी वह्या तपासते," वर्लिन मला म्हणाला. "एकदा तरी शाबासकी द्यायची. तेही नाही."

"चुका कर कमी, मग देते," ती म्हणायची. चुका किती निघत होत्या, ते मला तिने कधी सांगितलं नाही.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. "ट्रक घेऊन ये. दारू आणि टोप्या सगळ्या ने."

गेलो. स्वयंपाकघरात ती म्हणाली, "काल एक पुंगळी मीच सोडली. डबल भरलेली. टॉर्च धरला होता, बघतही होते, आणि 'ठीक' म्हणाले. गोळी बसल्यावर मनात शंका आली म्हणून सगळी काडतुसं वजन करून पाहिली, तेव्हा सापडली. आता माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही राहिला, रॉइस."

मी डबे खोक्यात भरून निघालो, तर दारात वर्लिन उभा.

"काय नेतोयस?"

"दारू. खराब झालीय."

"माझी?"

"हो."

त्याने विचार केला. "मग नवी आणशील?"

"आणतो," मी म्हणालो.

माझे दोन्ही हात अडकलेले पाहून त्याने पुढे होऊन दार उघडलं, आणि मी पायरी उतरेपर्यंत धरून ठेवलं.

नवी मी नेली नाही. त्याने विचारलंही नाही. पण रोज सकाळी तो बाकापाशी जायचा आणि त्याच त्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा पुन्हा दाबत बसायचा. आर्डिस स्वयंपाकघरातून दांडीचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की हातातलं टाकून बघायला जायची.

फेब्रुवारीत त्याला हॅमिल्टनच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. महिनाभराने तिने प्रेस काढून न्यायला मला बोलावलं. मी बोल्ट सैल करत असताना ती जिन्याच्या पायरीवर बसून होती.

"परवा गेले होते," ती म्हणाली. "मला म्हणाला, बाई, तुम्ही कोणाला भेटायला आलात?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुम्हालाच. तर खूश झाला. खुर्ची सरकवून दिली बसायला."

बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता. तिने कॉफी केली. ती संपेपर्यंत मी बसलो, आणि मग प्रेस ट्रकमध्ये ठेवून निघालो.