बुधाजीसाठी रडलेली माणसं

अकोल्याचे पाहुणे रविवारी घर पाहायला येणार होते. आमच्याकडे पोरीवाले नुसता पोरगा पाहत नाहीत. मोरी पाहतात, कपाट उघडं दिसलं तर त्यातही डोकावतात. म्हणून आमच्या बाबांनी, भगवंतरावांनी, कुलदीपदादाच्या डिप्रेशनच्या गोळ्यांची पाकिटं गुरुवारीच उचलून आपल्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं.

"लगन जमू दे, मंग खाईन तो."

गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादाची झोप उडाली. नांदगाव पेठेतली कापड मिलची नोकरी सुटल्यापासून तो बडनेऱ्याच्या या घरात भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. बाबांच्या मते ते सोंग होतं.

बाबांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मग मी मोबाइलवर दादाच्या दिवसाचाच गेम बनवला. खेळणारा बुधाजी नावाचा पोरगा होतो. उठायचं, दात घासायचे, बापाला उत्तर द्यायचं. बाप बोलला की ताकद घटते. ताकद संपली की 'उठा' कितीही दाबा, बुधाजी हलत नाही.

शनिवारी तो बाबांच्या हातात दिला. चष्मा लावून ते दिवाणावर बसले. 'उठा' दाबून दाबून त्यांचा अंगठा दुखला. गेममधला बाप ओरडला, "आयतं गिळतं, लाज वाटते का?"

"ह्या हरामखोराच्या कानाखाली वाजवाचं बटन कुठी हाय वं?" बाबा चिडले. शेवटी तर डोळे पुसले.

"बाबा, हे तुमचंच बोलणं हाय. जसंच्या तसं. बुधाजी म्हणजे दादा."

"चूप. त्या पोराले खरोखर बिमारी हाय. आपल्या कुलदीपले काय झालं? धडधाकट बैल हाय."

पेटी काही उघडली नाही.

रविवारी लेकीची हुशारी मिरवायला त्यांनीच पाहुण्यांना गेम दाखवला. फोन हातोहात फिरला. पोरीची आत्या सुभद्राबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "अवं माय, किती सोसते बिचारं! घरात कोणी समजून घेणारं नाही." त्यांच्या शेजारीच इस्त्रीच्या शर्टात दादा बसला होता.

"पोरगा बोलत काहून नाही?" पोरीच्या बापानं विचारलं.

"बुजरा हाय," बाबा म्हणाले.

"बुजरा नाही," मी म्हणाले. "हाच बुधाजी हाय. याच्या गोळ्या त्या पेटीत कोंडल्या हायेत."

सुभद्राबाईंच्या गालावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. त्याच ओल्या तोंडानं त्या म्हणाल्या, "येड्याच्या घरात आमची पोरगी लोटाले लावता काय, भगवंतराव? फसवून राह्यले आमाले?" फोन त्यांनी विंचू झटकावा तसा टाकला. पोहे तसेच ठेवून सगळे उठले.

फाटक आपटलं. बाबांनी पेटी उघडली आणि पाकिटं माझ्या तोंडावर फेकली. "घे. चारत बस आता त्याले जल्मभर."

मारलं असतं तरी चाललं असतं. गोळ्या मिळाल्या होत्या. पाणी घेऊन मी दादाजवळ गेले. त्यानं गोळी गिळली, पेला परत दिला.

"दामिनी, मले इचाराचं तरी होतं," तो म्हणाला. "गेम बनोतानी बी, अन आज बी."