अकरावी पायरी

भाऊंना जाऊन महिना झाला होता आणि नायक म्हणून त्यांचा पहिला गाजलेला सिनेमा आज संध्याकाळी सहाला पुन्हा पडद्यावर येणार होता. तिकिटं तर कधीच संपली होती. पण चार वाजता, रिकाम्या थिएटरात चाचणीचा खेळ बघताना पावलंताईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"हा जिना कोण चढतंय?" त्या ओरडल्या. "पोस्टमन?"

पावलंताई हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. त्या काळी शूटिंगच्या वेळचा आवाज वापरतच नसत, सगळा मागाहून भरायचा. भाऊ पडद्यावर चालले, की स्टुडिओतल्या बंद खोलीत त्यांच्याकडे डोळे लावून या बाई चालायच्या आणि तोच आवाज सिनेमाला जोडला जायचा. एकतीस वर्षं, बेचाळीस सिनेमे! लोक म्हणायचे, काय रुबाबदार चाल आहे. बूट भाऊंचेच, जुने. बाईंचा पाय केवढासा, म्हणून पुढे कापूस कोंबायचा.

साऊंडवाला रडकुंडीला आला होता. "ताई, जुन्या रिळावरचा जिन्याच्या प्रसंगाचा आवाज पार गेलाय. कॉम्प्युटरवरून सोळा पावलं लावली मी. एकूण एक बरोबर पडतायत."

"तिथंच तर माशी शिंकली! अकरावं बरोबर पडताच कामा नये."

खरं होतं ते. शूटिंगच्या दिवशी नवखे भाऊ अकराव्या पायरीवर चक्क ठेचकाळले होते. पुन्हा घ्यायला फिल्म शिल्लक नव्हती. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. ताईंनी मात्र त्या जागी टाच घासली, क्षणभर थांबल्या आणि पुढचं पाऊल असं दणकन टाकलं, की ठेचेची ऐट झाली. वरच्या खलनायकाला गडी जणू सांगत होता, थांब, आलोच! पहिल्याच खेळाला पब्लिकनं शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मग काय, पुढच्या एकेचाळीस सिनेमांत भाऊ मुद्दाम ठेचकाळले आणि ताईंनी टाच घासली.

"मी टाकते पावलं. पडद्यामागे उभी राहून, खेळ चालू असताना," ताई म्हणाल्या.

"पण ताई, तुमचे गुडघे..."

"तुला दिलेत का सांभाळायला?"

म्हणाल्या खऱ्या, पण काम सोपं नव्हतं. वय अडुसष्ट, हातात काठी. एक पाऊल चुकलं तर भरल्या थिएटरात भाऊंचं हसं होणार, तेही ते सावरून घ्यायला नसताना. आणि बूट कुठून आणायचे?

पहिल्या रांगेत वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, हे सगळं ऐकत होत्या. त्या उठून बाहेर गेल्या आणि गाडीतून एक पिशवी घेऊन आल्या.

"लागतील असं वाटलंच होतं मला," त्या म्हणाल्या. "कापूस घातलाय."

ताईंनी बूट हातात घेतले. उजवी टाच बाहेरून झिजलेली, नेहमीसारखी. "वहिनी, तुम्हाला कापसाचं कसं ठाऊक?"

"अगं, घरी दुसरं काय बोलणं असायचं? म्हणायचे, मी नुसता चढतो, वर पोचवते ती."

ताईंना रडू कोसळलं. नाक पुसून त्यांनी साऊंडवाल्याला फर्मावलं, "पावलं वाजवायला फळी आण. आणि बघत काय उभा राहिलास, माईक खाली घे."

सहाचा खेळ सुरू झाला. पडद्यामागून भाऊ पुसट आणि आरशातल्यासारखे उलटे दिसत होते. ताईंनी त्यांच्या पायांकडे बघितलंच नाही. पाऊल आधी खांद्यात येतं, हे एकतीस वर्षांत त्यांना पाठ झालं होतं. भाऊंचा खांदा हलला. काठी बाजूला पडली.

एक. दोन. तीन. सातव्याला गुडघ्यातून कळ निघाली. "गप रे," ताई गुडघ्यावर मनातल्या मनात खेकसल्या. नऊ. दहा. थिएटर चिडीचूप. भाऊंचा तोल गेला, ताईंनी टाच घासली, श्वास रोखला आणि दणकन पाऊल टाकलं.

थिएटर फुटलं! शिट्ट्या, टाळ्या, "भाऊ! भाऊ!" म्हाताऱ्या गळ्यांतून, कोवळ्या गळ्यांतून. अख्खं पब्लिक उभं राहिलं. साऊंडवाला हातवारे करून सांगत होता, थांबा ताई, आता काही ऐकू येत नाही कुणाला.

ताई थांबल्या नाहीत. राहिलेली चारही पावलं त्यांनी एकेक करून नीट टाकली. भाऊंना अर्ध्या जिन्यात सोडून कसं चालेल?