मावशीला लावलेली चिठ्ठी

सामान हलवण्याच्या आमच्या धंद्यात एक रीत आहे. ट्रकमध्ये चढवण्याआधी मालकाने वस्तूवर हात ठेवायचा आणि "माझं" म्हणायचं. एकदा आम्ही शेजाऱ्यांचा सोफा, वर झोपलेल्या सासऱ्यांसकट, परगावी पोचवला. तेव्हापासून ही रीत. सासरे तिथे रमले, तो भाग वेगळा.

त्या दिवशी बाईसाहेबांनी लेकीकडे पाठवायच्या सामानावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. फ्रिजवर "लेक". कपाटावर "लेक". भांडी पुसत उभ्या असलेल्या मावशींच्या खांद्यावरही "लेक".

"ह्यासुद्धा?" मी विचारलं.

"हो. इतकी वर्षं माझं काम केलं, आता लेकीचं करेल. तिला काय विचारायचंय?"

मावशी पुटपुटल्या, "मी बहिणीकडे जाणार होते. तिनं खोली रिकामी ठेवलीय."

"बहिणीचं पुढच्या वर्षी बघू."

मावशींच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, या घरात बराच काळ पुढचंच वर्ष चालू होतं.

आमचे मुकादम गंभीर माणूस. म्हणाले, "चिठ्ठी आहे? मग सामान." त्यांनी मावशींच्या हातातलं फडकं काढून घेतलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि मला फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळायला लावलं.

"अहो, चहा कोण टाकणार?"

"सामान चहा टाकत नाही, बाईसाहेब."

"आणि कपाटाची किल्ली? तिलाच माहितीय कुठंय ती!"

"फ्रिजला विचारता का कधी?"

मावशींनी गुडघ्यावरचा एक फुगा फोडला. टप्प. मग दुसरा.

"चला," मुकादम म्हणाले, "हात ठेवा आणि म्हणा."

बाईसाहेबांनी हात पुढे केला. मावशींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हात हवेतच राहिला.

"म्हणजे... तसं नाही हो. घरातलीच आहे ती."

"घरातल्या माणसाला चिठ्ठी लावतात?"

बाईसाहेबांनी हात मागे घेतला. मावशींनी प्लास्टिकमधून हात सोडवला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

"माझी."

"मोठ्यानं. रीत आहे."

"मी माझी!"

जिन्यातल्या हमालांनी हातातलं कपाट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मावशींनी खांद्यावरची चिठ्ठी उपटून मुकादमांच्या कपाळावर चिकटवली आणि ट्रकमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मुकादम मागे, फ्रिजशेजारी.

"अगं, चहाचा डबा कुठंय?" खिडकीतून बाईसाहेब ओरडल्या.

"शोधा, सापडेल!"

ड्रायव्हरला डावी-उजवी सांगत, फुगे फोडत मावशी बहिणीच्या दारात उतरल्या. बहीण ओल्या हातांनी धावत आली.

लेकीचा फ्रिज उशिरा पोचला. त्याची तक्रार नव्हती. फ्रिजच तो.