कोंड्याच्या पिशव्यांमागे

त्याचं नाव बोका पडलं ते दुधामुळे. तान्हा असताना बाटली दिसली की दोन्ही हातांनी झडप घालायचा, म्हणून आत्याने लाडाने ठेवलेलं नाव. पुढे आठ महिने झाले तरी पोर बसेना, हाकेला वळेना, तेव्हा तपासण्या झाल्या आणि कळलं की दूधच त्याचा घात करत होतं. दूध, डाळी, अंडी, मांस, गहू, ज्या ज्या गोष्टींवर इतरांची मुलं बाळसं धरतात त्या सगळ्या याच्या रक्तात विष होऊन साठायच्या आणि थेट मेंदूवर जायच्या. म्हणजे घरात एक बोका, आणि दुधाला तोंड लावायची त्याला जन्मभर बंदी. नशिबाला थट्टा सुचावी तीही अशी!

आता तो सात वर्षांचा होता. वर्गात जरा मागे, पण खिदळण्यात सगळ्यांच्या पुढे. दवाखान्यातून एक उग्र वासाची पावडर फुकट मिळायची, ती तो नाक दाबून प्यायचा. भाज्या आणि फळं डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिल्याप्रमाणे. पण तेवढ्याने सात वर्षांच्या पोराचं पोट भरतं होय? त्यासाठी होतं प्रथिनं काढलेलं पीठ. त्याचा पाव व्हायचा, बिस्किटं व्हायची, डब्यात काहीतरी इतर मुलांसारखं दिसायचं. हे पीठ सगळ्या शहरात एकाच ठिकाणी मिळायचं, ते म्हणजे मोठ्या चौकातलं पथ्याचं दुकान.

त्या दुकानात शिरलं की आधी लिंबाचा सुगंध यायचा आणि मग किमती दिसायच्या. निम्मं गिऱ्हाईक ठणठणीत असायचं. त्यांच्यासाठी पथ्य ही हौस होती. बिया चघळायच्या, रस प्यायचे आणि एकमेकांना त्वचा किती उजळली ते सांगायचं. बोक्याच्या आईला त्या लोकांचा मनस्वी राग यायचा. ती हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर उभ्याने चादरींना इस्त्री मारायची. नवऱ्याची गाडी चालवायची नोकरी सुटली होती, तो मिळेल त्या दिवशी गोदामात ओझी उचलायचा. आणि या पिठाच्या एका पुड्याला जेवढे पैसे पडायचे तेवढ्यात साधं पीठ महिनाभर पुरलं असतं.

तरी तिने मार्ग काढला होता. पीठ लांबून बोटीने यायचं, येईपर्यंत त्याचं अर्धं आयुष्य वाटेतच संपलेलं असायचं. मुदत जवळ आली की गुरुवारी दुपारी एक मुलगी कमरेला मशीन लटकवून फिरायची आणि अशा मालावर लाल चिठ्ठी डकवायची. लाल चिठ्ठी म्हणजे अर्धी किंमत. बोक्याची आई गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन ते पुडे उचलायची. पिठाला काही होत नसे. मुदत सरलेलं पीठही तिने बिनदिक्कत वापरलं होतं आणि बोक्याने त्या पावाला जगात भारी ठरवलं होतं.

अडचण एकच होती, छत्रीवाले काका.

ऊन असो, थंडी असो, त्यांच्या हातात छत्री असायचीच. कमरेत वाकता येत नसे, मान जेमतेम वळायची. वरच्या फळीवर मागे गेलेला पुडा ते छत्रीच्या बाकदार मुठीने पुढे ओढून घेत. त्यांच्या बायकोच्या किडन्या थकल्या होत्या आणि तिलाही हेच पीठ सांगितलं होतं. पहिल्यांदा भेटले तेव्हा बोक्याच्या आईच्या टोपलीत तोच पुडा पाहून त्यांना कोण आनंद झाला.

"तुमचं पण हेच का? वा! मला वाटायचं आपण एकटेच. अहो ताई, पाव फुगतो का तुमचा? माझा आपला विटेसारखा होतो. ती बिचारी खाते, काही बोलत नाही."

"कोमट पाणी घ्या काका, आणि चमचाभर तेल. आणि उघडून सारखं बघू नका."

"तेच चुकतं! मी सारखा बघतो."

पुढच्या वेळी त्यांनी मुद्दाम थांबून सांगितलं की पाव फुगला आणि बायको हसली. असा हा साधा माणूस. फक्त तो पूर्ण किंमत देऊन पीठ घ्यायचा, केव्हाही यायचा, आणि तो येऊन गेला की गुरुवारी लाल चिठ्ठी लावायला पुडेच उरायचे नाहीत.

तसं दोनदा झालं. दुसऱ्यांदा घरात पीठ नव्हतं, पगार लांब होता, आणि बोक्याने भुकेने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तिने त्याला साधा पाव दिला. एकदा दिला, मग रोज दिला. तपासणीला बोटातून थेंबभर रक्त घेतलं, आणि निकाल बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असं पुन्हा झालं तर मुलगा आज जिथे आहे तिथून मागे जाईल, बाई. गेलेलं परत आणता येत नाही."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. बोका अक्षरं विसरलाय, मग तिचं तोंड विसरलाय, असं काहीबाही मनात येत राहिलं. सकाळी उठून ती कामावर जायच्या आधी दुकानात गेली आणि पिठाचे सगळे पुडे उचलून सगळ्यात खालच्या फळीवर, कोंड्याच्या पिशव्यांमागे ढकलून आली.

कोंडा ही जागा तिने विचार करून निवडली होती. तो लोक डॉक्टरच्या धाकाने एकदा नेत आणि दुसऱ्यांदा त्याच्याकडे बघत नसत. पिशव्यांवर धूळ असायची. शिवाय खालची फळी, म्हणजे वाकावं लागणार. छत्रीवाल्या काकांना वाकता येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, तेच मनात धरून तिने ती फळी निवडली.

मग तो शिरस्ताच पडला. माल आला की पुडे कोंड्यामागे, मुदत जवळ आली की बुधवारी संध्याकाळी परत जागेवर, गुरुवारी लाल चिठ्ठी, आणि सगळे पुडे तिच्या पिशवीत. बोक्याच्या रक्ताचा निकाल सुधारला. गालही जरा भरले. तो आता बेरजा करताना बोटं मोजायचा नाही, आणि हे तिने धुलाईखान्यात सगळ्या बायकांना सांगितलं.

अधूनमधून काका भेटायचे. रिकाम्या फळीसमोर छत्री टेकून उभे असायचे.

"ताई, पीठ मिळालं का हो तुम्हाला?"

"नाही ना काका. मी पण हात हलवतच चाललेय."

"काय झालंय या दुकानाला! तो मॅनेजर म्हणतो कम्प्युटरमध्ये दिसतंय. अरे, कम्प्युटर खायला घालू का मी तिला?"

ती हसायची. साळसूद चेहरा करून हसायची आणि बाहेर पडल्यावर मागे न बघता भराभर चालायला लागायची. पण घरी बोका असायचा, आणि बोक्यापुढे कुणाचं काही चालत नसे. पुढे पुढे काका दिसेनासे झाले, तेव्हा तिला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आता लपवायलाही नको, असं म्हणून तिने लपवणं सोडून दिलं.

मग एका गुरुवारी दुकानात गेली तर पिठाच्या फळीवर दुसराच माल लागलेला. कसल्याशा बिया, चकचकीत डब्यांत. पिठाचे चार पुडे तेवढे दाराजवळच्या मोडीच्या टोपलीत पडले होते, पाव किमतीत. आधी तिला आनंदच झाला. चारही उराशी धरून ती मॅनेजरकडे गेली. तो तरुण होता, बोलायला मऊ.

"नवीन माल कधी येणार?"

"ते बंद केलं आम्ही."

"बंद म्हणजे?"

"खपत नाही हो. पूर्ण किमतीला कुणी घेतच नाही, सगळं शेवटी लाल चिठ्ठीवर जातं. दर खेपेला आम्हाला खोट बसते. पूर्वी एक म्हातारे गृहस्थ होते, छत्रीवाले. त्यांच्या जिवावर चाललं होतं. ते नेमके फळी रिकामी असताना यायचे, काय योगायोग कोण जाणे. तीन-चारदा रिकाम्या हाताने गेले आणि मग यायचेच थांबले."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच काउंटरवर गेली, चारही पुडे ठेवले आणि म्हणाली, "या चिठ्ठ्या काढा. पूर्ण किंमत लावा."

काउंटरवरची मुलगी बघतच राहिली. "अहो, स्वस्त मिळतंय ना तुम्हाला?"

"नकोय मला स्वस्त. पूर्ण पैसे घ्या, आणि तुमच्या त्या कम्प्युटरला सांगा की हे खपतं. सांगा त्याला!"

मुलीने खरंच प्रयत्न केला. मशीन दर वेळी पाव किंमतच दाखवत राहिली. मागे रांगेतला एकजण "काय बाई आहे" असं पुटपुटला, आणि बोक्याची आई त्याच्याकडे वळून काही बोलणार तोच तिला रडू फुटलं. भर दुकानात, लिंबाच्या सुगंधात, ती हुंदके देत उभी राहिली.

मॅनेजरने तिला बाजूला नेऊन पाणी दिलं. "एक करता येईल. पूर्ण पेटी आगाऊ पैसे भरून घेतली तर मागवू. दर वेळी."

पेटीची किंमत ऐकून तिने मनातल्या मनात महिन्याचा पगार मांडून पाहिला. नवरा-बायकोने उपाशी राहायचं म्हटलं तरी तो आकडा एकटीच्या आवाक्यातला नव्हता. दोन घरं असती तर निम्मी-निम्मी जमली असती. आणि दुसरं घर तर होतं, तिनेच ते हाकलून लावलं होतं.

त्या दिवसापासून ती कामावरून सुटली की दुकानात जायची. बोक्याला बरोबर घ्यायची, कारण घरी बघायला कोणी नव्हतं. ज्या माणसाची चाहूल लागली की ती रांग बदलायची, त्याच माणसासाठी आता डोळ्यात तेल घालून दाराकडे बघत बसायची. त्याचं नाव तिने कधी विचारलं नव्हतं, घरही माहीत नव्हतं. चारातला शेवटचा पुडा घरी अर्धा झाला होता. ती पाव पातळ कापायची आणि बोका म्हणायचा, "आई, हा पाव आजारी आहे का?"

आणि एका संध्याकाळी ते आले. छत्री होती. दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"अगंबाई, काका!" ती जवळजवळ धावलीच. "किती दिवस झाले हो! मला तुमच्याशी बोलायचंय, त्या पिठाबद्दल. आपण दोघांनी मिळून…"

"मी तुम्हालाच शोधत आलो," काका म्हणाले. "हाच का तुमचा लेक? छान." त्यांनी पिशवीतून पुडा काढला. तेच पीठ, न उघडलेलं. "इथे मिळेना म्हणून भाच्याला परगावी पाठवलं होतं. तो घेऊन आला, तोवर तिचं खाणंच थांबलं होतं. पंधरवडा झाला तिला जाऊन. घरात नुसतं पडून राहायचं, म्हटलं तुमच्या मुलाला होईल."

पेटीचा हिशोब, निम्मी-निम्मी, सगळं कुठल्या कुठे गेलं. वाटलं, घ्यावा पुडा आणि निघावं, यांना कधी कळणारही नाही. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"काका, पीठ असायचं. लाल चिठ्ठी लागेपर्यंत मी लपवायचे."

काकांनी पुडा काखेत धरला. ऐकू आलं की नाही तेच कळेना. मग त्यांनी विचारलं, "कुठे?"

तिने बोट दाखवलं. काका हळूहळू चालत कोंड्याच्या फळीपाशी गेले. वाकून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांनी छत्री उलटी धरली आणि तिची बाकदार मूठ पिशव्यांच्या मागे सारून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, एकदा आणि पुन्हा एकदा. तिथे काही नव्हतं. थोडी धूळ आली, ती त्यांनी मुठीवरून पुसली.

"मूठ इथवर पोचली असती," ते म्हणाले, जणू स्वतःशीच.

परत येऊन त्यांनी पुडा बोक्याच्या हातात दिला आणि तिच्याकडे वळले.

"याच्यावर लाल चिठ्ठी नाही. चालेल ना?"

बोक्याने पुडा दोन्ही हातांनी झडप घालून छातीशी धरला होता, आणि तो त्याच्याकडून परत घ्यायची तिची हिंमत झाली नाही.